आधी ओतीव लोखंड, मग स्क्रीन

विष्णुपुरीत १९८१पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या हौशी माणसाने नांदेडात घराच्या मागच्या खोलीत स्वतःचे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे, मिलिंग मशीन बसवायचे ठरवले, तर ते मोबाइलवर दहा मिनिटांत मागवता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, वर छोटी मोटर आणि जाहिरातीत तीन शब्द: लाकूड, प्लास्टिक, धातू. यातला तिसरा शब्द पहिल्या खरेदीचा घात करतो.

‘३०१८’ या नावाने विकले जाणारे मशीन घ्या. नाव पडले ते ३०० बाय १८० मिलिमीटरच्या कार्यक्षेत्रावरून. सगळे मिळून वजन सात-आठ किलो. लाकडावर, अ‍ॅक्रिलिकवर ते सुरेख नक्षी काढते. पितळ, अ‍ॅल्युमिनियमही अगदी पातळ थरांनी, धीर धरून कापता येते. पण एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा व्हाइसमध्ये धरला की चौकट लवते, कटर थरथरतो आणि जॉबवर लाटा उमटतात. याचे कारण साध्या गणितात आहे. हायस्पीड स्टीलच्या कटरची धार पोलादात मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने फिरावी. ६ मिलिमीटरच्या कटरला त्यासाठी मिनिटाला सुमारे १,३०० फेरे पुरतात. या मशीनची मोटर मात्र दहा हजारांच्या आसपास पळण्यासाठी केलेली. त्या गतीला तीच धार मिनिटाला १८८ मीटर पळते आणि जळून निळी पडते. मोटर हळू फिरवावी, तर तिच्यात जोर उरत नाही.

हलके मशीन वाईट असते असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे लोकांना वापरता येणारी यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. फॅब लॅबच्या ठरलेल्या साहित्यात टेबलावर मावणारे एक छोटे मिलिंग मशीन असते. तांब्याच्या पातळ थरावर सर्किट कोरणे हे त्याचे मुख्य काम, आणि त्या कामाला ते पुरेपूर पडते. काम आधी ठरले होते, मशीन नंतर आले. आपल्याकडे बहुतेक वेळा मशीन आधी दारात येते.

ज्यांना खरोखर पोलाद कापायचे आहे, वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती किंवा जुन्या मोटरसायकलचा सुटा भाग घडवायचा आहे, त्यांनी एमआयटीतलाच एक जुना प्रसंग ध्यानात घ्यावा. १९५२मध्ये तिथे संख्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग मशीन जाहीरपणे दाखवले गेले. त्यासाठी नवे मशीन घडवलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीच्या ओतीव लोखंडाच्या धिप्पाड मशीनला नियंत्रणाची कपाटे जोडली होती. कपाटभर मेंदूचे काम आज तळहाताएवढ्या आर्डुइनो बोर्डवर ‘जीआरबीएल’ हा मोफत प्रोग्राम करतो. मेंदू पुढे कधीही बदलता येतो, बेड बदलता येत नाही.

म्हणून पहिल्या खरेदीत पैसा लोखंडात घालावा. ओतीव बेडचे, पन्नास-साठ किलोंचे, सिंगल फेजवर चालणारे हँडव्हीलचे छोटे मिलिंग मशीन घ्यावे. सहा महिने हाताने चालवावे. कटर कधी कुरकुरतो, कधी गुणगुणतो, हे हाताला आणि कानाला कळू लागले की मग बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटर बसवाव्यात. या जोडकामात वर्ष निघून जाते, असे काही जण म्हणतात आणि ते खरे आहे. ज्याला मशीनशी खटपट नको, फक्त भाग हवेत, त्याने तयार सीएनसीच घ्यावे; पण तेही वजन विचारून. घेण्याआधी टेबलाला डायल लावून प्ले, म्हणजे ढिलेपणा, मोजावा. स्क्रूत प्ले असेल, तर स्क्रीनवरचे गोल छिद्र जॉबवर गोल उतरत नाही.

सगळी शिल्लक मशीनवर उधळू नये. चांगला व्हाइस, कॉलेट, एन्ड मिल, डायल, व्हर्निअर यांना मशीनच्या किमतीच्या निम्मी रक्कम तरी बाजूला हवी. होमिंग स्विचही हवेत. भर कामात वीज गेली की कंट्रोलर जागा विसरतो, आणि मराठवाड्यात वीज जाणे ही नवलाई नाही.

एवढे सगळे वाचून कळत नाही, करून कळते. करायला जागा हवी, आणि ती पाबळसारखीच इथेही उभी करता येईल. विष्णुपुरीच्या संस्थेने, नांदेड-लातूरच्या आयटीआयांनी आपल्या कार्यशाळा रविवारी चार तास, माफक शुल्क घेऊन बाहेरच्या हौशी लोकांना खुल्या कराव्यात. सोबत एक शिक्षक असावा. येणाऱ्याने एमएसचा एक तुकडा आणावा, तो हाताने सहाही बाजूंनी काटकोनात आणावा आणि मशीनचा विचार त्यानंतर करावा.