कुतच्या वेढ्यातील पीठ

वाचकहो, युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा उभ्या राहतात. पिठाची आठवण कोणास होत नाही. परंतु टायग्रिसच्या वळणावरील कुत-अल्-अमारा या गावी १९१५ च्या डिसेंबरात कोंडल्या गेलेल्या सैन्याचे जगणे-मरणे बव्हंशी पिठावरच ठरले. हे सैन्य म्हणजे जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफोनच्या लढाईनंतर ती मागे हटली आणि तुर्कांनी तिला येथे वेढले.

गावात धान्य सापडले, पण ते दळावे कशावर? तेव्हा विमानांतून जात्याचे दगड खाली टाकण्यात आले! जात्याचे वजन ज्यांस ठाऊक आहे, त्यांनीच या युक्तीचे मोल जाणावे. पुढे एप्रिलात अन्नाची पोतीही अशीच टाकली. त्यांतली काही नदीत, काही शत्रूच्या गोटात पडली.

पांढऱ्या पावावर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने गाठले. कोंड्यासह आटा खाणारे हिंदी शिपाई त्यातून बचावले. पण भाजीपाला नाही आणि घोड्याचे मांस वर्ज्य, म्हणून त्यांना स्कर्व्ही जडला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती आली, तरी बहुतेकांनी एप्रिलापर्यंत ते मांस शिवले नाही. गावी परतल्यावर आपल्याला पंगतीला कोण घेईल, ही त्यांची धास्ती होती. त्यांना हट्टी म्हणण्याची घाई आपण करू नये.

२९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिले. शिपायांना मात्र वाळवंटातून मोसुलकडे व पुढे रास-अल्-ऐन येथे लोहमार्गाच्या कामावर हाकलले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपाईही हजारोंनी गेले. डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी १९१७ मध्ये रास-अल्-ऐन येथेच वारले. त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदादेवी यांनी नातवाच्या पत्रांवरून त्याचे चरित्र लिहून १९२८ साली बंगालीत प्रसिद्ध केले.

बंगाल रुग्णसेवा पथकातील शिशिर सर्वाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीची पाने फाडून बुटांत लपविली होती. त्यांतूनच, सुमारे चाळीस वर्षांनी, ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक झाले.