पेशी चमकल्या, म्हणून बायोप्सी टळत नाही

परवा ओपीडीत एक तरुण वडिलांचे रिपोर्ट घेऊन आला. मोबाइलवरची बातमी पुढे करून म्हणाला, ‘डॉक्टर, आता प्रकाशाने कॅन्सरच्या पेशी चमकतात म्हणे. मग बाबांची बायोप्सी थोडी थांबवू या का?’ अशा बातम्या हल्ली वारंवार येतात. त्यामुळे त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

या बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली, प्रकाशाच्या मदतीने रसायन बनवणे. इटलीतील बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रसायन उद्योगाची कल्पना मांडली होती. आज प्रयोगशाळेत निळा एलईडी दिवा आणि प्रकाश शोषणारा उत्प्रेरक वापरून अणूंची वलये साध्या तापमानालाही जोडता येतात.

दुसरी गोष्ट चमकण्याची. अशी जोडलेली वलये एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळद अतिनील दिव्याखाली चमकते, ती याच गुणामुळे.

काचेच्या बशीतल्या पेशी उजळवणे तुलनेने सोपे आहे. माणसाच्या शरीरात मात्र तो रंग निरोगी पेशींत फारसा साचता कामा नये, विषारी नसावा आणि काम झाल्यावर बाहेर पडावा. बहुतेक नवी संयुगे इथेच अडखळतात.

काही मात्र शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचली आहेत. मेंदूच्या घातक गाठीसाठी ‘फाइव्ह-एएलए’ हे औषध शस्त्रक्रियेच्या काही तास आधी तोंडाने देतात. गाठीच्या पेशी त्यापासून पोर्फिरिन नावाचे वलयी संयुग बनवतात आणि निळ्या प्रकाशात ते लालसर दिसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत, एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. सहा महिने आजार न वाढलेले रुग्णही जवळजवळ दुप्पट होते. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये अंडाशयाच्या आणि २०२४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी असे रंग मंजूर झाले.

हे सारे गाठ काढताना सर्जनच्या डोळ्यांना मदत करणारे साधन आहे. दृश्य प्रकाश शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. त्यामुळे बाहेरून दिवा मारून पोटातला कर्करोग सापडत नाही. गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे आजही तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते आणि उपचारही त्यावरच ठरतात.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, ‘संशोधन चांगलेच आहे, पण बाबांची गाठ त्यासाठी थांबणार नाही.’ सरकारी रुग्णालयात आमचे बरेच रुग्ण आधीच उशिरा येतात. नव्या शोधाची बातमी जरूर वाचा, पण तिच्या भरवशावर तपासणीची तारीख पुढे ढकलू नका.