न खेळलेले गेम, न उघडलेले ग्रंथ



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर चटया गुंडाळताना एक काकू सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "काय गं, तू म्हणे रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळतेस? चौपन्न वर्षांची झालीस. तेवढ्या वेळात चार माळा जपून होतील." बाकीच्या हसल्या. मीही हसले आणि घरी आले. उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते. कुणाला लागलं तर आधीच क्षमा मागते.

हो, मी खेळते. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात. कोरेगावातल्या इतर घरांत भाकरी थापायला घेतात तेव्हा माझा ओटा पुसून कोरडा झालेला असतो. मिस्टर जेवून पुन्हा दुकानात जातात ते नऊला येतात. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला. मी आधी सामायिक करते, ४८ मिनिटं. मग गजर लावून ४८ मिनिटं गेम. गजर वाजला की सेव्ह करून बंद. माळा कमी झालेल्या नाहीत, काकू. कमी झाल्या आहेत त्या मालिका.

हे गेम माझे नाहीत, मुलाचे आहेत. जाताना जुना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. त्याच्या खात्यात ४७ गेम निघाले, बहुतेक रहस्याचे आणि साहसाचे. त्यानं शेवटपर्यंत खेळलेले फक्त ६. उरलेल्या ४१ मधले निम्मे एकदाही उघडलेले नव्हते. पोरं याला बॅकलॉग म्हणतात. इंजिनिअरिंगचे राहिलेले विषय असतात, सिंचनाचा अनुशेष असतो, तसा हा खेळाचा अनुशेष. तो फक्त आमच्याच घरात आहे असंही नाही. स्टीम हे गेमचं मोठं ऑनलाइन दुकान. २०१४ साली आर्स टेक्निका या संकेतस्थळानं तिथल्या खात्यांचा नमुना तपासला, तेव्हा लोकांच्या नावावर जमा असलेल्या गेमपैकी सुमारे ३७ टक्के एकदाही चालू केलेले नसावेत, असा अंदाज निघाला.

काकूंना पाप दिसलं ते माझ्या खेळण्यात. मला ते दिसतं त्या ४१ मध्ये.

उमास्वामींनी परिग्रह वस्तूंच्या संख्येवरून ठरवलेला नाही, मूर्च्छेवरून ठरवला आहे. माझं, माझं म्हणत चढणारी गुंगी म्हणजे परिग्रह. मी मुलाला फोनवर विचारलं, "खेळायचे नव्हते तर घेतलेस कशाला?" तो म्हणाला, "आई, उन्हाळ्यात आणि डिसेंबरात सेल लागतो. ऑफिसातून अकराला यायचो, खेळायचं त्राण नसायचं. विकत घेतलं की खेळल्यासारखं वाटायचं." मूर्च्छा म्हणजे काय, हे मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय घेतलेलं तरी आपलं असतं का? कॅलिफोर्नियात २०२४ साली कायदा झाला की डिजिटल वस्तू विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं: तुम्ही मालकी घेत नाही, वापरायचा परवाना घेता. त्यानंतर स्टीमवर पैसे भरायच्या पानावरच तशी सूचना आली. दशलक्षणाच्या नवव्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्याचं प्रवचन ऐकतो, माझं असं काही नाही म्हणतो आणि घरी येतो. इथे दुकानदारच ते लिहून देतो, तरी आपण जमवतोच.

आता हिंसेचा प्रश्न. "पडद्यावर मारलं तर कुठे जीव जातो?" असं कुणी म्हटलं की मला यशोधर राजाची कथा आठवते. आईच्या आग्रहानं त्यानं खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा करून देवीला बळी दिला. त्यात जीव नव्हता, पण मारण्याचा भाव होता. त्या भावापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म भटकावं लागलं. पडद्यावरचा माणूस हा आजचा पिठाचा कोंबडाच. म्हणून ज्या गेममध्ये माझ्या हातून कुणी मरतं, तो मी खेळत नाही.

हा नियम मला महागात पडतो. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं 'राजी' नावाचा गेम काढला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी आणि राजवाड्यांची देखणी चित्रं. आपल्या शेजारच्या शहरात घडलेला, बघून ऊर भरून येतो. पण तिच्या हातात सतत शस्त्र आणि समोर राक्षस. मी बाजूला ठेवला. त्या गेमला मी वाईट म्हणत नाही. आपल्या तालुक्यात आल्याची शेतं आहेत, तरी आपण चहात ओलं आलं घालत नाही. ते काय आलं वाईट म्हणून? तो आपला नियम आहे.

मग उरतं काय? पुष्कळ. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा २०१८ चा गेम. बेपत्ता होऊन परत आलेल्या जहाजावरच्या ६० माणसांचं काय झालं, हे वहीत नोंदवायचं. मरणं दिसतात, माझ्या हातून होत नाहीत. तिघांचं नाव आणि शेवट बरोबर जुळला की तेवढ्या नोंदी पक्क्या होतात. दुकानाची खतावणी जुळवलेल्या बाईला याची गोडी वेगळी सांगायला नको.

आणि हे पोरांचंच काम आहे, असं समजू नका. चित्रं असलेला पहिला साहस-गेम मानतात तो 'मिस्टरी हाऊस', १९८० चा. तो रचला रॉबर्टा विल्यम्स या दोन लहान मुलांच्या आईनं. प्रोग्रॅम नवऱ्यानं लिहिला. कथा आणि चित्रं तिची.

"पण वेळ फुकट जातो!" काकू, तुमच्या फोनवर कँडी क्रश आहे. मंदिराच्या पायरीवर गाडीची वाट बघताना मी पाहिलंय. तो गेम २०१२ चा. हजारो लेव्हल झाल्या आणि अजून नव्या येतातच, म्हणजे संपायची सोयच नाही. अनर्थदंडात प्रमादचर्या सांगितली आहे, विनाकारण, बेसावधपणे काहीतरी करत राहणं. ती कोणाला जास्त लागू होते? माझ्या गेमला शेवट आहे. तो आला की मी उठते.

एका गेमबद्दल सांगते आणि थांबते. 'गॉन होम', २०१३ चा. वर्षभर परदेशात राहिलेली थोरली मुलगी रात्री घरी येते, घरात कुणीच नाही. आपण खोल्याखोल्यांतून फिरत चिठ्ठ्या वाचायच्या, कॅसेट ऐकायच्या. हळूहळू कळतं की धाकटीला आईवडिलांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं. मी रिकाम्या घरात बसून तो गेम दोन संध्याकाळी खेळले. दुसऱ्या रात्री मुलाला फोन केला आणि जेवलास का, एवढं विचारून ठेवला नाही. अकराला घरी येऊन सेलमध्ये गेम घेणारा माझा मुलगा तिथे दोन वर्षं किती एकटा होता, हे मला तेव्हा कळलं. आता दर रविवारी मी कुठवर आले ते त्याला सांगते. तो युक्ती सांगत नाही, नुसता हसतो. ४१ चे आता २९ राहिलेत. त्यानं नवा एकही घेतलेला नाही.

मग मी माझं कपाट उघडलं. घडी न मोडलेल्या ११ साड्या. त्याखाली पंचकल्याणकात, विधानात, प्रवासात हौसेनं घेतलेले ग्रंथ, १४ निघाले. नऊंची पानंही सुटी केलेली नव्हती. विकत घेतलं की वाचल्यासारखं वाटतं. मुलानं हे कुणाकडून उचललं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून काकू, माझ्या गेमचा हिशेब मी दिला. आता तुम्ही तुमचं कपाट मोजा. येत्या दशलक्षणापर्यंत मी एक नियम घेतला आहे: हातातलं संपल्याशिवाय नवं काही आणायचं नाही. साडी नाही, गेम नाही, ग्रंथही नाही. कोण कोण येतंय बरोबर?

जय जिनेंद्र.