पेसमेकर आणि किरणोपचार : खरा धोका माहितीच्या अभावाचा

कपिलधार (जि. बीड) : कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधिदर्शनासाठी येथे येणाऱ्या भाविकांत वयोवृद्धही असतात. उतारवयात हृदयविकार आणि कर्करोग एकाच वेळी गाठण्याचा संभव वाढतो. छातीत पेसमेकर असलेल्या रुग्णाने मग किरणोपचार घ्यावेत की नाही?

योग्य खबरदारी असल्यास घ्यावेत, असेच वैद्यकशास्त्र सांगते. पेसमेकर बहुधा गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसवतात. डाव्या स्तनाच्या वा फुफ्फुसाच्या कर्करोगात किरणांचा झोत त्याच्या जवळून जाऊ शकतो. आजच्या यंत्रांतील सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मंडले जुन्या यंत्रांपेक्षा किरणांना अधिक संवेदनशील आहेत. त्यांत बिघाड झाल्यास ठोक्यांची गती बदलू शकते. धोका दुरूनही संभवतो. दहा दशलक्ष व्होल्टहून अधिक क्षमतेच्या झोतातून न्यूट्रॉन निर्माण होतात आणि गाठ ओटीपोटात असली तरी ते यंत्राच्या स्मृतीत गडबड करू शकतात. सहा दशलक्ष व्होल्टच्या झोतात ही भीती जवळपास नसते.

अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्येच यंत्र थेट झोतात न आणण्याची आणि त्यावरील एकूण मात्रा २ ग्रेच्या आत ठेवण्याची शिफारस केली. २०१९ च्या सुधारित शिफारशींत मात्रा, न्यूट्रॉन आणि रुग्णाचे पेसमेकरवरील अवलंबित्व यांवरून जोखीम ठरवली जाते. मात्रा ५ ग्रेपेक्षा अधिक होणार असल्यास यंत्र दुसरीकडे हलवण्याचाही विचार होतो. झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची ती क्रिया उपचारापुरती थांबवता येते. मात्र त्या वेळी रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते.

अडचण निराळीच आहे. किरणोपचारासाठी या भागातील रुग्णाला मांजरसुंब्याहून दक्षिणेला बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय किंवा उत्तरेला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठता येते. पेसमेकर मात्र अनेकदा काही वर्षांपूर्वी वेगळ्याच शहरात बसवलेला असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे दोन्ही उपचारांच्या खर्चाचा भार हलका होतो, पण दोन शहरांतील डॉक्टरांचा संवाद त्यातून आपोआप घडत नाही.

हा दुवा जोडते ते पेसमेकर बसवताना मिळणारे ओळखपत्र. त्यावर यंत्राची कंपनी, प्रकार आणि बसवल्याची तारीख असते. ते पहिल्याच भेटीत दाखवावे. उपचारापूर्वी, जोखमीनुसार दरम्यान आणि नंतर यंत्राची तपासणी करून घ्यावी. रुग्णालयांनीही नोंदणीच्या वेळीच 'छातीत यंत्र आहे का?' असे विचारावे. भीतीपोटी उपचार टाळणे आणि माहितीविना उपचार घेणे, दोन्ही रुग्णाला महागात पडू शकतात.