दाराला कुलूप, पेव उघडे



ज्वारीचे पेव भरले की आपण त्याचे तोंड दगडाने बंद करतो, वरून माती लिंपतो. वाड्याच्या दाराला कडी आहे म्हणून पेव उघडे टाकणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही. आमच्या तालुका कचेरीत मात्र आम्ही नेमके तेच करून बसलो होतो.

कचेरीत संगणक एकच. हिशेब त्यावर, पत्रके त्यावर, टपालही त्यावर. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून ईमेल उतरवून ठेवणारा थंडरबर्ड हा प्रोग्राम घातला. परवा एक कार्यकर्ता बैठकीचे पत्रक छापायला बसला आणि त्याने सहज त्या चित्रावर टिचकी मारली. पासवर्ड कोणी विचारला नाही. सभासदांची पत्रे धडाधड समोर आली. पीकविम्याच्या तक्रारी, बँकेच्या नोटिसा, सातबारे, आणि २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे केलेल्या अर्जांच्या नकला. कार्यकर्ता भला, म्हणून निभावले. त्या जागी सावकाराचा माणूस बसला असता तर?

ईमेलचा पासवर्ड हे दाराचे कुलूप. उतरवून घेतलेली पत्रे घरातच फायलींत पडून असतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर उघडला तरी पत्रे वाचता येतात. थंडरबर्डचा मुख्य पासवर्ड साठवलेले पासवर्ड झाकतो, पत्रे नव्हे. आउटलुकच्या पीएसटी फायलीला पासवर्ड लावता येतो, पण ते कुलूप नावापुरतेच.

मग करायचे काय?

एक, टपाल पाहणाऱ्याचे विंडोजमधले खाते वेगळे हवे, पासवर्डसह. बाकीच्यांना साधे खाते द्यावे. सगळे अधिकार असलेले खाते जबाबदार माणसाकडेच राहावे. उठताना खाते बंद करावे.

दोन, एवढ्याने भागत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की हे कुंपण ओलांडता येते. म्हणून डिस्कच सांकेतिक करावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे. तो नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतो. त्याची कुलूपबंद पेटी करून टपालाचा फोल्डर तीत ठेवावा आणि काम झाले की पेटी मिटावी. किल्ली हरवली तर ती कोणालाच उघडता येत नाही. किल्ली कागदावर लिहून दोन विश्वासू माणसांकडे, संगणकापासून दूर ठेवावी.

तीन, पेनड्राइव्हवरची राखीव नक्कलही अशीच कुलपात हवी. नाहीतर पेव बंद आणि पोते अंगणात!

चार, संगणक विकताना नुसते पुसून भागत नाही. पुसलेली फाइल बऱ्याचदा परत काढता येते. पहिल्यापासून सांकेतिक केलेल्या डिस्कची ही धास्ती उरत नाही.

कोणी म्हणेल, आपल्यात चोर कोण? प्रश्न चोराचा नाही. कर्जाची नोटीस आलेली व्यापाऱ्याला कळली, तर तो कापसाचा भाव पाडूनच मागणार. सावकाराविरुद्ध अर्ज करणाऱ्या बाईचे नाव फुटले, तर गावात तिला कोण राखणार? तिने कागद आपल्या हाती दिला तो भरवशावर.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एवढे सांगावे: टपाल कुठे साठते, ते कोण उघडू शकते, आणि किल्ली कोणाकडे आहे. आम्ही आमच्यापासून सुरुवात केली आहे.