पाहुण्याला खोली, कामगाराला घाट

महाबळेश्वर-पाचगणीत खोल्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो बारमाही भाड्याच्या खोल्यांचा. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत पर्यटकाकडून जे मिळतं, त्यासाठी भाडेकरूची महिनाभर वाट पाहावी लागते. घरमालकाला हे गणित कळतं, त्याला दोष कसा द्यायचा? पण मग हॉटेलातला वेटर, निवासी शाळेतला स्वयंपाकी, दवाखान्यातली परिचारिका यांनी वाईत राहायचं, रोज पसरणी घाट चढायचा आणि एसटीचं भाडं पगारातून वजा करायचं.

‘२००१पासून हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, घरं बांधणार कुठे?’ हा आक्षेप रास्तच. ती बंधनं हवीत. जंगल गेलं तर पाहुणाही फिरकणार नाही. मात्र जमीन मोजकी असेल, तर ती कुणासाठी, हा प्रश्न उलट अधिक टोकदार होतो. हॉटेलला वाढीव खोल्यांची परवानगी देताना कामगारांच्या निवासाची अट हवी, आणि बारमाही भाडेकरू ठेवणाऱ्याला नगरपरिषदेने घरपट्टीत सवलत द्यावी. महसूल बुडेल म्हणता? नाक्यावर पर्यटकांकडून प्रवासी कर घेतला जातोच. त्यातला थोडा वाटा इकडे वळवता येईल.