सौर पंपाला बॅटरी जोडावी का?

५ ऑक्टोबर २०२४ ला मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथून पीएम-किसानचा १८ वा हप्ता सुटला, हे बहुतेकांना आठवते. त्याच मंचावरून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधील राज्यातील एकूण १९ मेगावॉटच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले, त्याची चर्चा मात्र कमीच झाली. हरभऱ्याला रात्री पाणी देणाऱ्याने सापाची, रानडुकराची भीती अनुभवलेली असते. शेतीला दिवसा वीज देणे हाच या योजनेचा हेतू आहे.

तरी प्रश्न येतोच: बॅटरी लावून रात्रीही पंप चालवता येईल का?

हिशेब करून पाहा. ५ एचपीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट, चार तासांना १५ युनिट. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते आणि टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. म्हणजे सोळा-सतरा बॅटऱ्या, काही वर्षांनी पुन्हा तेवढ्याच! मला हा व्यवहार परवडणारा वाटत नाही.

नव्या संशोधनाकडे मात्र लक्ष ठेवा. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. चार्ज होताना सोडियमचे आयन कार्बनच्या फटींत जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. सोडियम मिठातही असते, लिथियमसारखे दुर्मिळ नाही. ही बॅटरी लिथियमपेक्षा जड पडते, पण विहिरीजवळच्या खोलीत वजनाचे काय? असा कार्बन पिकांच्या अवशेषांपासूनही करता येतो. म्हणून उद्या पऱ्हाट्या विकत घ्यायला कोणी येईल, असे मात्र समजू नका.

रात्री पंप लावण्याचे आणखी एक कारण विहीर असते. ती दुपारी आटते, रात्री झिरपून भरते. तिथे बॅटरीपेक्षा शेततळे कामाचे. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एकरी ५ सेंमीची पाळी सुमारे २ लाख लिटरची. बाष्पीभवन आणि पाझर धरूनही चार एकर हरभऱ्याच्या दोन पाळ्या दिवसा निघू शकतात. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरा, बोअरच्या नव्हे. एक पाळी फुलोऱ्याआधी द्या, दुसरी घाटे भरताना. ऐन फुलोऱ्यात पाणी देणे टाळा.